सनद आणि पदवी : दीनी उच्च शिक्षणाची कथा



गेल्या वर्षी जून महिन्यात, शाळा सुरू होऊन चार-सहा दिवस झाले असतील, माझा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांबरोबर माझ्या घरी आला. सातवीपर्यंत तो आमच्या शाळेत होता. वर्गात हुशार. पुढे घरच्यांनी त्यास मदरशात घातले. आठ वर्षांनी तो आलिम होऊन परत आला होता. पिशवीतून त्याने आपली सनद काढून माझ्या हाती दिली. जाड कागद, चारी बाजूंनी वेलबुट्टी, अरबीतील सुंदर अक्षर, खाली उस्तादांच्या सह्या. ही सनद घेऊन तो जवळच्या शहरातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गात नाव घालण्यास गेला होता. खिडकीतील लिपिकाने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "बारावीची गुणपत्रिका कोठे आहे?" बारावीची नव्हती. दहावीचीही नव्हती. लिपिकाने सनद अदबीने परत दिली, एवढेच.

मुलगा गप्प होता. त्याच्या वडिलांनी मात्र मला प्रश्न केला, "मास्तर, आठ वर्षे शिकला ते शिक्षण नव्हे काय?"

या प्रश्नाला मला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. लिपिकाची चूक नव्हती. मदरशाने तरी कुणाला फसवले होते? मग ही सनद आणि ती पदवी एकमेकींना ओळखीनाशा झाल्या केव्हापासून? इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मी पुस्तकांकडे वळलो. जे हाती आले ते पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखप्रपंच.

आज पदवी देते ती संस्था. इस्लामच्या पहिल्या काही शतकांत सनद देणारा माणूस असे. शागीर्द उस्तादासमोर बसून एखादा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवी, किंवा उस्तादाकडून ऐके. उस्तादाची खात्री पटली, की तो ग्रंथ पुढे शिकविण्याची परवानगी लिहून देई. हिला इजाजत म्हणत. ती त्या एका ग्रंथापुरतीच असे. म्हणून मोठ्या आलिमांच्या चरित्रात त्यांनी कोठल्या संस्थेत शिक्षण घेतले यापेक्षा कोणाकडे कोणता ग्रंथ वाचला याची यादी लांबलचक दिलेली असते. प्रवेशाची अट एकच, उस्तादाने आपल्याला समोर बसू द्यावे. आणि बसणारा पुरुषच असे, असे मात्र नाही. आमच्या शाळेतील मुलींना मी मुद्दाम सांगतो, की अकराव्या शतकात मक्केत करीमा मर्वजिया नावाच्या विदुषी सहीह बुखारी शिकवीत आणि बगदादचे प्रसिद्ध इतिहासकार खतीब बगदादी यांनी हजच्या वेळी त्यांच्यापुढे बसून तो ग्रंथ वाचला. करीमाबींनी दिलेली इजाजत मोठमोठे विद्वान अभिमानाने मिरवीत.

पुढे या शिक्षणास इमारत मिळाली. सेल्जुक वजीर निजामुल्मुल्क याने १०६७ मध्ये बगदादला निजामिया मदरसा उघडला. उस्तादांना पगार, विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाची सोय आणि खर्चासाठी वक्फ मिळकती. इमाम गझाली १०९१ मध्ये येथे मुदर्रिस म्हणून आले आणि चारच वर्षांनी, सारा मानमरातब सोडून, निघून गेले. ते का गेले हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की मदरसा मोठा झाला तरी सनद उस्तादाच्याच सहीने मिळत राहिली.

हे चित्र पालटले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते कैरोच्या अल-अझहरमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. अल-अझहरची मशीद दहाव्या शतकातली. तेथे शेकडो वर्षे खांबाखांबापाशी उस्तादांची बैठक भरे. हजेरी नाही, परीक्षा नाही. १८७२ च्या कायद्याने प्रथमच आलिम होण्यासाठी रीतसर परीक्षा आली. १८९६ च्या कायद्याने प्रवेशाच्या अटी ठरल्या : वय किमान पंधरा वर्षे, लिहिता-वाचता येणे आणि निदान अर्धे कुराण तोंडपाठ. अंध विद्यार्थ्यास मात्र संपूर्ण कुराण पाठ हवे. आठ वर्षांनंतर एक परीक्षा, बारा वर्षांनंतर 'आलिमिया' ही मोठी परीक्षा.

याच अल-अझहरमध्ये १९०२ साली एक अंध मुलगा दाखल झाला. नाव ताहा हुसेन. वरच्या इजिप्तमधील खेड्यातला, लहानपणी डोळ्यांच्या आजारावर गावठी उपचार झाले आणि दृष्टी गेली. कुराण पाठ होते, प्रवेश मिळाला. दहा वर्षे तो तेथे शिकला. प्रश्न विचारण्याची सवय उस्तादांना रुचली नाही. १९१२ मध्ये आलिमियाच्या परीक्षेत तो नापास झाला. पण चारच वर्षांपूर्वी, १९०८ मध्ये, कैरोत नवे विद्यापीठ निघाले होते आणि ताहा तेथील व्याख्याने ऐकू लागला होता. अबुल अला मआर्री या अंध अरबी कवीवर त्याने प्रबंध लिहिला. १९१४ मध्ये त्या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट मिळाली ती या अल-अझहरच्या नापास विद्यार्थ्याला. पुढे पॅरिसला जाऊन इब्न खल्दूनवर दुसरा प्रबंध. १९५० ते १९५२ या काळात ताहा हुसेन इजिप्तचे शिक्षणमंत्री होते.

ही कथा सांगून मदरशास हिणवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ताहा हुसेन यांच्या अरबीचा पाया अल-अझहरनेच घातला होता, आणि विद्यापीठाला तो पाया आयताच मिळाला. मला दिसते ते एवढेच, की नवे विद्यापीठ उघडे होते म्हणून त्या मुलाचे दहा वर्षांचे शिक्षण वाया गेले नाही. अल-अझहरनेही कालांतराने दारे रुंद केली. १९३० च्या कायद्याने तेथे धर्मतत्त्वे, शरियत व अरबी भाषा अशा तीन विद्याशाखा झाल्या. १९६१ च्या कायद्याने वैद्यक व अभियांत्रिकीही आली आणि मुलींसाठी स्वतंत्र विभाग निघाला.

आता आपल्या देशाकडे येऊ.

लखनौमध्ये फिरंगी महाल नावाची हवेली आहे. पूर्वी ती एका युरोपियन व्यापाऱ्याची होती, म्हणून हे नाव. सिहाली गावचे मुल्ला कुतबुद्दीन यांची हत्या झाल्यावर औरंगजेब बादशहाने ही हवेली त्यांच्या मुलांना राहण्यास दिली. त्यांतील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांनी जो अभ्यासक्रम बसविला तो दर्से निजामी. आज भारत, पाकिस्तान व बांगलादेशातील बहुतेक मदरशांत थोड्याफार फरकाने तोच चालतो. पुष्कळांची समजूत आहे, की दर्से निजामी म्हणजे केवळ नमाज-रोजाचे मसले. तसे नव्हते. मूळ अभ्यासक्रमात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा भाग भरपूर होता, व्याकरण होते, गणित-खगोलही होते. हदीसचा भाग उलट बेताचा होता. कारण उघड आहे. या मदरशांतून काझी आणि मुफ्ती तर निघतच, पण बादशाही दफ्तरातील कारकून व अंमलदारही निघत. त्या काळी हेच शिक्षण दीनी आणि हेच दुनियावी. खिडकीत बसणारा लिपिकसुद्धा मदरशातच शिकलेला असे!

कंपनी सरकारासही प्रथम हीच माणसे हवी होती. म्हणून वॉरन हेस्टिंग्जने १७८० मध्ये कलकत्ता मदरसा काढला. कायद्याच्या कचेऱ्यांत मुसलमानी कायदा जाणणारे अधिकारी लागत. पण १८३७ नंतर कचेऱ्यांतून फारसी गेली आणि पुढे इंग्रजी कायदेसंहिता आल्या. दर्से निजामी शिकलेल्या माणसाची सरकारी नोकरी संपली. सनद तीच राहिली, तिला बाजारात घेणारा राहिला नाही.

येथे एक बाब आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. १८५४ मध्ये सर चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता आला आणि त्यानुसार १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे निघाली. नमुना घेतला होता लंडन विद्यापीठाचा. का? ऑक्सफर्डमध्ये तोवर नाव नोंदवतानाच इंग्लंडच्या चर्चच्या मतांवर सही करावी लागे. त्यामुळे इतर पंथांचे लोक बाहेर राहत. लंडनने ही अट ठेवली नव्हती. हिंदुस्थानात तर अनेक धर्म. म्हणून पदवीच्या परीक्षेत धर्मश्रद्धेशी संबंधित विषय असू नयेत, असे खलित्यात स्पष्ट म्हटले होते. हेतू वाईट नव्हता. कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ नको, हाच विचार. पण परिणाम असा झाला, की मुंबई विद्यापीठात अरबी, फारसी आणि संस्कृत या भाषा घेता येत, मात्र फिकह किंवा हदीस या विषयात पदवी नाही. थिऑलॉजी हा विषयच विद्यापीठाच्या उंबऱ्याबाहेर ठेवला गेला.

यावर तोड काढली ती ख्रिस्ती मिशनऱ्यांनी, आणि ती आपण अभ्यासावी अशी आहे. बंगालमधील सेरामपूर हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे १८१८ मध्ये कॉलेज काढले. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याची सनद मिळविली. तिचा वापर मात्र बरीच वर्षे झाला नाही. १९१८ मध्ये बंगालच्या कायदेमंडळात सेरामपूर कॉलेजचा कायदा संमत झाला आणि थिऑलॉजीच्या पदव्या देणारे सिनेट उभे राहिले. आज देशभरातील अनेक सेमिनरी या एका सिनेटला जोडलेल्या आहेत. पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही त्यांत आहे. तेथे बी.डी. या पदवीसाठी पदवीधर विद्यार्थ्यास एक मुदत आणि बारावी झालेल्यास त्याहून जास्त मुदत असते. आपल्या चर्चची शिफारस आणावी लागते. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, प्रश्नपत्रिका एक. अनेक चर्चे, अनेक पंथ, आपापसात मतभेद पुष्कळ, तरीही सिनेट एकच. आपल्याकडे प्रत्येक मदरशाची सनद वेगळी, शिक्का वेगळा. असो.

१८५७ च्या बंडानंतर दिल्ली उजाड झाली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६६ च्या मे महिन्यात, सहारनपूर जिल्ह्यातील देवबंद गावी छत्ता मशिदीच्या आवारात एका डाळिंबाच्या झाडाखाली एक मदरसा सुरू झाला. उस्ताद मुल्ला महमूद. पहिला विद्यार्थी, त्याचेही नाव महमूद, महमूद हसन. देवबंदचे संस्थापक जुन्या वळणाचे होते असे आपण म्हणतो, पण त्यांनी उभारलेली व्यवस्था मात्र अगदी नवी होती. ठरलेले वर्ग, हजेरीपट, लेखी परीक्षा, ग्रंथालय, वार्षिक अहवाल, देणगीदारांची छापील नावे. हे सारे इंग्रजी शाळांतून उचललेले. शिकवायचे काय, ते मात्र आपले. हदीसला दर्से निजामीपेक्षा पुष्कळ अधिक जागा दिली. शेवटचे वर्ष दौरा-ए-हदीसचे, हदीसच्या प्रमुख ग्रंथांचे.

मौलाना कासिम नानौतवी यांनी घालून दिलेल्या नियमांत सरकारी मदतीपासून दूर राहण्यावर भर होता. गरिबांच्या मूठ-मूठ देणगीवर मदरसा चालावा. ज्याचा पैसा घ्यायचा नाही त्याचा शिक्का तरी का घ्यावा? तेव्हा देवबंदच्या सनदेला सरकारमान्यता नव्हती याचा अर्थ कोणी ती नाकारली एवढाच नव्हे. ती मागितलीच नव्हती. मला या बाण्याबद्दल आदर आहे. पण त्याची किंमत कोणी दिली, तर पुढच्या पिढ्यांतील ज्या मुलांना मदरशातून बाहेर पडून दुसरे काही शिकायचे होते, त्यांनी.

दुसऱ्या बाजूस १८७५ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला शाळा काढली व दोन वर्षांनी कॉलेजचा पाया घातला गेला. लोकांनी त्यांच्यावर नेचरी म्हणून टीका केली. सर सय्यद चाणाक्ष होते. आपली धार्मिक मते लोकांना पटत नाहीत हे ओळखून दीनी शिक्षणात त्यांनी स्वतः हात घातला नाही. सुन्नी आणि शिया विद्यार्थ्यांसाठी वेगळी व्यवस्था केली. आणि दीनियातचे नाजिम म्हणून आणले कोणाला? मौलाना अब्दुल्ला अन्सारी यांना, म्हणजे देवबंदच्या मौलाना नानौतवींच्या जावयाला! दोन संस्थांत भांडण होते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भांडण होते खरे, पण येणे-जाणेही होते.

याच अलीगढमध्ये मौलाना शिबली नोमानी १८८३ पासून शिकवीत होते. मदरशात घडलेला हा विद्वान कॉलेजात इंग्रज प्राध्यापकांच्या सहवासात आला. १८९२ मध्ये त्यांनी तुर्कस्तान, शाम व इजिप्तचा प्रवास केला. अल-अझहरची तेव्हाची दशा पाहून ते फार खिन्न झाले. नद्वतुल उलेमाची सभा १८९४ मध्ये कानपूरला भरली आणि १८९८ मध्ये लखनौला तिचे दारुल उलूम निघाले. शिबलींनी तेथे इंग्रजी शिकविण्याचा आग्रह धरला आणि त्यावरून मोठा वाद झाला. शेवटी १९१३ मध्ये ते बाहेर पडले. सय्यद सुलेमान नदवींसारखा शिष्य त्यांनी तेथेच घडविला.

१९२० हे साल विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी अलीगढचे कॉलेज विद्यापीठ झाले. चार वर्षे आधी बनारस हिंदू विद्यापीठ निघाले होते. या दोन विद्यापीठांत प्रथमच धर्मविद्येला विद्याशाखेचे स्थान मिळाले. अलीगढला सुन्नी थिऑलॉजी आणि शिया थिऑलॉजी असे दोन विभाग झाले. आरंभी मुस्लिम विद्यार्थ्यांना धर्मशिक्षण सक्तीचे करण्याची तरतूद कायद्यात होती. राज्यघटना आल्यावर, १९५१ च्या दुरुस्तीने, ती गेली. याच १९२० च्या २९ ऑक्टोबरला अलीगढमध्येच जामिया मिलिया इस्लामियाची स्थापना झाली. तिचा पाया घातला माल्टाच्या कैदेतून सुटून आलेल्या, आजाराने जर्जर झालेल्या शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांनी. होय, डाळिंबाच्या झाडाखालचा तो पहिला विद्यार्थी. त्यांचे भाषण दुसऱ्यांनी वाचून दाखविले, इतके ते थकले होते. महिन्याभरातच त्यांचे निधन झाले. देवबंदच्या पहिल्या विद्यार्थ्याने मरणापूर्वी एका विद्यापीठाचा पाया घालावा, ही गोष्ट मला वर्गात सांगताना दरवेळी थांबावे लागते.

पंजाबची गंमतही सांगितली पाहिजे. लाहोरचे पंजाब विद्यापीठ मौलवी फाजिल, मुन्शी फाजिल अशा परीक्षा घेई. त्या पास झालेल्यास नंतर केवळ इंग्रजीचा पेपर देऊन बी.ए. होता येई. आडवळणाच्या रेल्वे जंक्शनवरून लोक या वाटेस 'बी.ए. व्हाया भटिंडा' म्हणून चिडवीत. चिडवोत बापडे! गाडी मुक्कामास पोहोचत होती.

आता आपल्या मराठवाड्याची गोष्ट. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू, पण इंग्रजी सक्तीची. मुस्लिम विद्यार्थ्यांना दीनियात आणि इतरांना नीतिशास्त्र. शिवाय दीनियातची स्वतंत्र विद्याशाखा. तिच्यात मौलाना मनाजिर अहसन गिलानी यांनी अनेक वर्षे शिकविले. ते देवबंदचे फाजिल. हिंदुस्थानातील मुसलमानांच्या शिक्षणपद्धतीचा मोठा इतिहास त्यांनीच लिहिला आहे. औरंगाबादला १९२३ मध्ये उस्मानियाचे इंटरमीजिएट कॉलेज निघाले. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक तेथे प्राचार्य होते. इंटर तेथे करून पुढे हैदराबाद गाठता येई.

उस्मानियाने काय केले याचे उदाहरण म्हणजे डॉ. मुहंमद हमीदुल्ला (१९०८ ते २००२). घराणे आलिमांचे. उस्मानियातून एम.ए. व एल्‌एल.बी. केल्यावर जर्मनीतील बॉन आणि पॅरिसचे सॉर्बन या दोन्ही ठिकाणांहून डॉक्टरेट मिळविली. फ्रेंच भाषेत कुराणाचा अनुवाद केला. आयुष्याचा बराच काळ पॅरिसमध्ये संशोधनात घालविला. दीनी विद्या आणि विद्यापीठाची शिस्त एकाच माणसात उतरली तर काय होते, ते येथे दिसते. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले आणि ती जुनी घडी मोडली.

राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढून चालविण्याचा हक्क दिला. या दोन कलमांच्या मधल्या पट्टीत आपले मदरसे उभे आहेत. १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा झाला आणि पदवी कोणी द्यावी हे कायद्याने ठरले. कायद्याने विद्यापीठ असलेल्या संस्थेखेरीज इतरांस पदवी देता येत नाही. याचे ताजे उदाहरण उत्तर प्रदेशचे. तेथील मदरसा मंडळ मुन्शी-मौलवीपासून आलिम, कामिल आणि फाजिलपर्यंत परीक्षा घेई. कामिल म्हणजे पदवी आणि फाजिल म्हणजे पदव्युत्तर, असे मानले जाई. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने मंडळाचा २००४ चा कायदाच रद्द ठरविला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वाचविला, परंतु कामिल आणि फाजिलची तरतूद घटनाबाह्य ठरविली, कारण उच्च शिक्षणाचा विषय आयोगाच्या कायद्याखाली येतो. ज्या मुलांनी ही वर्षे खर्च केली त्यांचे काय, हा प्रश्न मागे राहिलाच.

तेव्हा पालकांनो, आजची वाट कशी आहे? प्रथम दोन शब्दांतील फरक समजून घ्या. थिऑलॉजी किंवा दीनियात म्हणजे श्रद्धेच्या आतून केलेला अभ्यास. त्यास अरबी हवीच. इस्लामिक स्टडीज म्हणजे इस्लामचा इतिहास, संस्कृती आणि विचार यांचा विद्यापीठीय अभ्यास. तो कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्यास करता येतो. अलीगढला दोन्ही आहेत. इस्लामिक स्टडीजची संस्था तेथे १९५४ मध्ये निघाली. जामिया मिलिया आणि हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ येथे इस्लामिक स्टडीज आहे. प्राध्यापक होण्यासाठी जी नेट परीक्षा असते तिच्यात अरब संस्कृती व इस्लामिक स्टडीज हा विषय आहे.

यांपैकी काही विद्यापीठे ठरावीक मदरशांची आलिमची सनद बारावीच्या बरोबरीची धरतात. पण सर्व मदरशांची नव्हे आणि सर्व अभ्यासक्रमांसाठी नव्हे. अरबी, उर्दू, इस्लामिक स्टडीज असे विषय मिळतात, विज्ञान मिळत नाही. इंग्रजीची परीक्षा स्वतंत्रपणे उत्तीर्ण असावी लागते. मदरशांची यादी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. मुलास मदरशात घालण्यापूर्वी ती यादी पाहा, आठ वर्षांनंतर नव्हे. अलीगढने २०१३ पासून मदरशाच्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा ब्रिज कोर्स सुरू केला. त्यातून मुले पुढे निरनिराळ्या पदव्यांकडे गेली आहेत. मुलींसाठी आपल्या राज्यात मालेगावच्या जामियातुस्सालिहातसारखे निवासी मदरसे आहेत, आणि तेथील सनदेबाबतही हीच चौकशी करावी.

परदेशाचे आकर्षण अनेकांस असते. मदिनेचे इस्लामी विद्यापीठ १९६१ मध्ये निघाले ते मुख्यतः बाहेरच्या देशांतील विद्यार्थ्यांसाठी. राहणे, शिकणे मोफत. पदवीच्या वर्गासाठी बारावीच्या तोडीचे प्रमाणपत्र लागते आणि वय पंचवीसच्या आत हवे. म्हणजे तेथेही बारावी आलीच! परत आल्यावर त्या पदवीची समकक्षता घ्यावी लागते, हे जाण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे.

आणि ज्यांच्याकडे नुसती सनद आहे त्यांच्यासाठी? राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी-बारावी आहे. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, जो भरून बाहेरून परीक्षेस बसता येते. दहावी व बारावी यांच्यामध्ये दोन वर्षे जावी लागतात. पुढे महाविद्यालय किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. वाट लांब आहे, पण बंद नाही. मदरशात शिकत असतानाच बाहेरून दहावी देणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांची वर्षे वाचतात. काही मदरसे याची सोय करतात, काहींस ते आवडत नाही. विचारून पाहण्यात कमीपणा नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. वयाने विशीचा, आणि परीक्षेला बसणार पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर. भाषांची त्याला काळजी नाही. गणिताची धास्ती होती. म्हणून दर रविवारी असरनंतर तो माझ्या घरी येतो. पहिल्याच दिवशी मी त्याला अपूर्णांकांची बेरीज घातली. त्याने पाटीवरील आकड्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, हे फराइजसारखे दिसते." फराइज म्हणजे वारसाहक्काचा हिशेब. मदरशात त्याने सिराजी हा ग्रंथ वाचला होता. मी म्हटले, सांग पाहू. त्याने सांगितले : एक माणूस वारला, मागे बायको, दोन मुली, आई आणि वडील. बायकोला एक अष्टमांश, मुलींना दोन तृतीयांश, आईला व वडिलांना प्रत्येकी एक षष्ठांश. चोवीस हा छेद त्याने मनातल्या मनात काढला. तीन, सोळा, चार, चार. बेरीज सत्तावीस. चोवीस हिश्श्यांत सत्तावीस बसणार कसे? त्यावर तो हसून म्हणाला, की अशा वेळी छेदच सत्तावीस करतात, प्रत्येकाचा वाटा प्रमाणात घटतो आणि बायकोचा अष्टमांश नवमांश होतो. याला अऊल म्हणतात.

मी दहावीला गणित शिकवीत नाही, इतिहास शिकवितो. कागद-पेन्सिल घेऊन मी तो हिशेब दोनदा करून पाहिला. बरोबर होता. मग मी त्याला एवढेच सांगितले, की मंडळाच्या उत्तरपत्रिकेत मात्र छेद बदलू नकोस, गुण कापतील.